ऑनलाइन गेममधला लेखनिक कोणत्या जातीचा?

आपल्या भागातली चार पोरं मिळून एक ऑनलाइन गेम तयार करत आहेत. दोघे इंजिनीअर, एक ॲनिमेशन शिकलेला आणि एक मुलगी इतिहासात एम.ए. करणारी. गेम एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रातल्या एका गावात घडतो. शेकडो खेळाडू एकाच वेळी त्या गावात आणि आजूबाजूच्या पेठांत वावरणार. कोणी शेती करणार, कोणी व्यापार, कोणी फौजेत जाणार. त्यात 'लेखन' नावाचे एक कौशल्य आहे. कागद लिहिणे, नकला काढणे, दप्तर सांभाळणे हे सगळे त्यात येते. मला त्यांनी बोलावले ते गेममधले काही कळते म्हणून नव्हे. मी अकरा वर्षे तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिले आणि जुन्या कागदांच्या नकला मिळवून दिल्या. कागद म्हणजे काय ते काकांना विचारू, असा त्यांचा हिशोब.

पहिल्याच बैठकीत वाद झाला. त्यांच्या आराखड्यात खेळ सुरू करताना जात निवडायची होती, आणि 'लेखन' फक्त कुलकर्णी या पात्राला उघडे होते. बाकीच्यांच्या यादीत त्यावर कुलपाचे चिन्ह. महार पात्राने त्यावर बोट ठेवले की पाटी येणार: तुम्ही हे कौशल्य शिकू शकत नाही. पोरं म्हणाली, "काका, इतिहास असाच होता. आम्ही खोटं कशाला दाखवू?"

इतिहास असाच होता, मान्य. पण माझा प्रश्न वेगळा आहे. ते कुलूप नेमके कुठे होते? माणसाच्या बोटात की शाळेच्या दारात?

गेममध्ये एखादे कौशल्य पात्राला बंद असते तेव्हा ते कोणी बंद केले हे दिसत नाही. कोणी हाकलत नाही, मारत नाही, वाळीत टाकत नाही. दगड खाली पडतो तसा तो निसर्गनियम होऊन बसतो. या पात्राच्या अंगात लिहिणे नाहीच, एवढेच खेळाडूच्या मनावर ठसते. मित्रांनो, चातुर्वर्ण्याने तरी दुसरे काय सांगितले? गुण जन्माने येतात, म्हणून काम जन्माने ठरते. आपण जो सिद्धांत खोडून काढायला निघालो, तोच आपली पोरं कोडमध्ये लिहून ठेवत होती, आणि तेही इतिहासाशी इमान राखायच्या नावाखाली.

खरा इतिहास काय सांगतो? ज्या महाराला गावच्या शाळेच्या पायरीवर उभे करत नव्हते, तोच फौजेत गेला की लिहू-वाचू लागला. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. गोपाळ बाबा वलंगकर फौजेतूनच निवृत्त झाले आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. त्याच्याही आधी, १८५५ साली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाई या मांग समाजातल्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. हात तेच, बोटे तीच. फक्त दारात उभा असलेला माणूस बाजूला झाला होता.

गेमच्या दुनियेतही याचा एक दाखला आहे, आणि तो पोरांनीच मला सांगितला. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा गेम २००४ साली आला. त्यात ऑर्क नावाची एक जमात आहे, आणि ऑर्कला जादूगार होता येत नव्हते. ऑर्क म्हणजे रांगडे लढवय्ये, पुस्तकी विद्या त्यांना कुठली, अशी सबब. २०१० साली नवा भाग आला आणि ऑर्क जादूगार होऊ लागले. २०२२ मध्ये तर हा मार्ग जवळजवळ सगळ्याच जमातींना खुला झाला. ऑर्कचा मेंदू एका रात्रीत वाढला काय? कंपनीने नियम बदलला, एवढेच झाले. हजारो वर्षे 'रक्तात नाही' म्हणून ऐकलेल्या समाजाने हा छोटासा किस्सा ध्यानात ठेवावा.

यानंतर मी पोरांना म्हटले, इतर गेममध्ये लेखनिकाचे काम कसे दाखवतात ते मला सांगा. आठवडाभर मी तेच ऐकत आणि पाहत होतो.

१९९७ च्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये जन्माचे कुलूप नाही. कौशल्य वापरत गेलात की वाढते. कोरी गुंडाळी, लेखणी आणि लागणारी वनस्पती-द्रव्ये जवळ हवीत, आणि जो मंत्र उतरवायचा तो आधी तुमच्या स्वतःच्या पोथीत हवा. कधी जमते, कधी फसते आणि माल वाया जातो. खेळाडूंनी लिहिलेल्या पुस्तकांची नक्कलही याच कौशल्याने काढता येते. मला हे आवडले. १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये मात्र मंत्राची गुंडाळी आपल्या पोथीत उतरवली की गुंडाळीच नाहीशी होते. म्हणजे एकाने ज्ञान घेतले की दुसऱ्याला त्यातून घेता येऊ नये. हा खिरापतीचा हिशोब झाला, विद्येचा नव्हे.

वॉरक्राफ्टने २००८ साली लेखनिकाचा स्वतंत्र धंदा आणला. पाच-पाच झाडपाले वाटायचे, त्यातून रंग काढायचा, रंगाची शाई करायची, शाईने चिन्हे बनवून बाजारात विकायची. पाहायला छान आहे. पण या लेखनिकाला स्वतःचे एकही वाक्य लिहावे लागत नाही, आणि त्याच्या शाईने कोणाची जमीन जात नाही. तो कारखानदार आहे.

सगळ्यात जास्त वेळ मी 'ईव्ह ऑनलाइन'वर घालवला. २००३ चा हा अंतराळातला गेम. त्यात जहाज बांधायला आराखडा लागतो. आराखडे दोन प्रकारचे, अस्सल आणि नक्कल. अस्सल कितीही वेळा वापरा, संपत नाही. नक्कल ठरावीक वेळा वापरली की संपली, आणि नकलेची नक्कल होत नाही. वरच्या दर्जाच्या मालाचे अस्सल आराखडे कंपनीने सुरुवातीच्या काळात सोडत काढून वाटले. पुढे सोडत बंद झाली, आणि नवे अस्सल निघणे थांबले. नंतर आलेल्यांनी कितीही राबावे, अस्सल त्यांना सोडतीत मिळणे नाही.

हे ऐकताना मी हसलो. पोरांना कळेना. मी म्हटले, "बाळांनो, याला वतन म्हणतात."

गंमत इथे संपत नाही. २००७ साली उघड झाले की त्या कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने असे अस्सल आराखडे आपण ज्या गटात खेळत होतो त्या गटाकडे वळवले होते. दप्तर ज्याच्या ताब्यात, त्याच्याच घरात माल. खेळाडूंनी मोठा गदारोळ केला, आणि २००८ मध्ये खेळाडूंनी निवडून दिलेले एक प्रतिनिधी मंडळ उभे राहिले. शेतकऱ्याच्या असूडात जोतीरावांनी कागदावर पोसलेल्या नोकरशाहीचे जे वर्णन केले, ते वाचलेल्या माणसाला यात काहीच नवे वाटणार नाही. आपल्याकडे कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतन मोडून तलाठी नेमले तेव्हाही गदारोळ झाला होता, पण तो वतन गेले म्हणून. आणि महार वतनाचे काय? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले, आणि ते वतन कायद्याने जायला १९५८ साल उजाडले. दोन्हीला वतनच म्हणत. एकाच्या हातात लेखणी, दुसऱ्याच्या हातात काठी आणि डोक्यावर सरकारी लखोटा. लखोट्यात काय लिहिले आहे हे तो वाहून नेणाऱ्याला माहीत नसे. कधी कधी त्यात त्याच्याच विरुद्ध लिहिलेले असे.

आता पोरांपुढची खरी अडचण सांगतो. संगणकात नक्कल फुकट होते. दोन बटणे दाबली की हजार प्रती, सगळ्या तंतोतंत. त्यामुळे गेममध्ये नक्कल काढणे हे 'काम' वाटायचे असेल तर टंचाई मुद्दाम निर्माण करावी लागते. कशाची टंचाई करायची, हे मात्र गेम बनवणारा ठरवतो. कागद-शाईची करायची, वेळेची करायची, शिकलेल्या माणसांची करायची, की परवानगीची? बहुतेक गेम परवानगीची करतात, कारण ते सगळ्यात सोपे आहे. एक कुलूप काढले की झाले.

दुसरी अडचण याहून अवघड. पात्र निरक्षर आहे, पण खेळणारा पोरगा बी.ए. झालेला आहे. त्याच्यासमोर कागद आला की तो वाचणारच. मग निरक्षराला कागदापुढे जे वाटते ते त्याला कसे कळणार? वॉरक्राफ्टमध्ये विरोधी गटाचा माणूस बोलला की त्याची अक्षरे विस्कटून दिसतात. मी म्हटले, तसेच करा. पात्राला वाचन येत नसेल तर कागदावर मोडीच दाखवा. आपल्यातल्या शंभरातल्या नव्व्याण्णवांना मोडी येत नाही, त्यामुळे वेगळी युक्ती करायची गरजच नाही. खाली आडवी रेघ आणि त्यावर 'निशाणी अंगठा'. कुलकर्णी वाचून दाखवेल त्यावर विश्वास ठेवायचा, किंवा पेठेतल्या दुसऱ्या कोणाला पैसे देऊन वाचून घ्यायचे. वाचन जसजसे वाढेल तसतसे कागदावरचे एकेक अक्षर देवनागरीत उलगडत जाईल. आधी आकडे, मग स्वतःचे नाव.

हे त्यांनी करून पाहिले. माझ्या पुतण्याला खेळायला दिले. आजवर दिवसभर माइनक्राफ्ट खेळणारा पोरगा. दोन तासांनी त्याला कळले की पहिल्या दिवशी त्याने अंगठा दिलेल्या कागदात त्याची बैलजोडी गहाण पडली होती. तो इतका चिडला की म्हणाला, "काका, हे चीटिंग आहे." चीटिंगच होते ते, बाबा. तुझ्या पणजोबाला तक्रार करायला हेल्पलाइन नव्हती.

त्यानेच मला माइनक्राफ्टची एक गोष्ट सांगितली, जी मी टेबलावर बसून अकरा वर्षे जगलो होतो. त्या गेममध्ये पुस्तक लिहून सही केली की ते अस्सल होते, मग त्यात बदल करता येत नाही. त्याची नक्कल काढता येते. नकलेची नक्कलही निघते. पण त्याच्यापुढे नाही. प्रत्येक प्रतीवर ती अस्सल आहे, नक्कल आहे की नकलेची नक्कल, हे लिहून येते. तहसीलच्या खिडकीवर याला म्हणतात, "झेरॉक्सची झेरॉक्स चालणार नाही, ओरिजिनल आणा."

ओरिजिनल कुठून आणायचे? अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० हा मानीव दिनांक. त्याआधीचा पुरावा हवा. आजा शाळेत गेलाच नाही, मग शाळेचा दाखला नाही. जमीन नाही, मग सातबारा नाही. उरते ती कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद. ती मोडीत, पान अर्धे वाळवीने खाल्लेले, आणि नक्कल मागायला गेले की 'अभिलेख जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही' असा शेरा. एका पोरीच्या कागदासाठी मी एका कचेरीत सात खेपा घातल्या. नोंद होती, पान होते, नाव दिसत होते. नक्कल काढणाऱ्याला वेळ नव्हता. तिची प्रवेशाची तारीख निघून गेली. ज्यांना शिक्षणापासून तोडले त्यांनीच लेखी पुरावा आणावा, आणि तो ज्यांनी लिहिला त्यांच्याच दप्तरातून आणावा, हा खेळ आजही चालू आहे. हा सर्व्हर बंद पडलेला नाही.

म्हणून नकलेची ही वंशावळ आमच्या गेममध्ये हवीच, असा माझा आग्रह आहे. कोणी, कधी, कोणत्या प्रतीवरून उतरवले, हे प्रत्येक कागदाच्या शेवटी दिसावे. जुन्या दप्तरात 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा मारत. तो शेरा मारायचा अधिकार कोणाला, यावर गेममधले अर्धे भांडण उभे राहील. राहू द्या. आणि चुका हव्यात. कौशल्य कमी असेल तर ओळ गळावी, आकड्यातले शून्य वाढावे. मोडीत तर हे फारच नैसर्गिक आहे. आधी आडवी रेघ ओढायची, मग तिला लटकवत न तोडता लिहीत जायचे. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एका प्रतीत शिरलेली चूक तिच्यापासून निघालेल्या सगळ्या प्रतींत जावी. चार प्रती समोरासमोर ठेवून खोट कुठे शिरली हे शोधणारा खेळाडू हा या गेमचा नायक व्हायला हवा, तलवारवाला नव्हे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषणातला काही भाग वगळायला सांगितला, तेव्हा एक स्वल्पविरामही बदलायला बाबासाहेब तयार झाले नाहीत. भाषण झाले नाही. त्यांनी स्वतःच्या खर्चाने पंधराशे प्रती छापल्या, आणि त्या दोन महिन्यांत संपल्या. पाठ शुद्ध राहावा म्हणून व्यासपीठ सोडणारा हा माणूस. आपल्या गेममध्ये पाठभेदाला किंमत नसेल तर कोणाच्या गेममध्ये असणार?

नक्कल काढण्याकडे पाहायच्या दोन दृष्टी या देशात होत्या. महाभारताच्या अनुशासनपर्वात नरकात जाणाऱ्यांची यादी आहे. तिच्यात वेद विकणाऱ्यांबरोबर वेद लिहून काढणारेही आहेत. का? लिहिले की ते कोणाच्याही हातात पडते. दुसरीकडे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत आलुविहारच्या भिक्खूंनी तोंडपाठ चालत आलेले तिपिटक लिहून काढले, कारण दुष्काळात आणि लढायांत पाठ करणारेच उरले नाहीत तर धम्म बुडेल ही भीती होती. पुढे चीनमध्ये सूत्रांच्या प्रती काढणे हे पुण्यकर्मच झाले. तुनह्वांगच्या गुहेत सापडलेल्या वज्रच्छेदिका सूत्राच्या छापील प्रतीवर साल आहे ८६८, आणि वांग च्ये नावाच्या माणसाने आपल्या आईवडिलांसाठी ती सर्वांना मोफत वाटायला केल्याची नोंद आहे. एकीकडे नक्कल केली की नरक, दुसरीकडे नक्कल केली की पुण्य. गेमच्या भाषेत सांगायचे तर एकीकडे वजा गुण, दुसरीकडे अधिक. पोरांना मी सांगितले, हे दोन्ही नियम दोन वेगळ्या ठिकाणी लावा. गावात लिहिणारा महार पकडला गेला तर शिक्षा होऊ द्या. छावणीत, मिशनच्या शाळेत, जोतीरावांच्या शाळेत तोच शिकला तर दुसऱ्याला शिकवल्यावर त्याचे कौशल्य दुप्पट वाढू द्या. शिकवणारा रिकामा होत नाही, भरतो, हे आकड्यांत दिसू द्या.

कुलूप आता पात्राच्या अंगातून काढले आहे. ते शाळेच्या दारावर आणि चावडीवर गेले आहे. पण इथे त्या मुलीने असा मुद्दा काढला की माझ्याकडे आजही पूर्ण उत्तर नाही. ती म्हणाली, "दारात उभा राहणारा माणूस जर दुसरा खेळाडू असेल, तर तो मजा म्हणून जातीवाचक शिव्या देईल. आपली पोरं दिवसभर कॉलेजात जे सोसतात ते रात्री गेममध्येही सोसायचं का?" बरोबर आहे. ऑनलाइन गेमच्या आवाजी गप्पांत काय चालते ते तुम्ही ऐकले असेल. म्हणून एवढे ठरले की चावडीवरचा कुलकर्णी आणि दारातला शिक्षक संगणक चालवेल. कोणा खेळाडूला तो अधिकार मिळणार नाही. जात यादीतून निवडायची सोय काढली, कारण निवडता येते ती जात कसली? पण मग ती संगणकाने चिठ्ठी काढून द्यायची का, की सगळ्या खेळाडूंना वेशीबाहेरूनच सुरुवात करायला लावायची, हे अजून ठरत नाही. ती दुसऱ्या बाजूची आहे, मी पहिल्या. तुमचे म्हणणे कळवा.

आणखी एक काम. २०२० साली रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या पत्रकारांच्या संघटनेने माइनक्राफ्टमध्ये एक भव्य ग्रंथालय उभारले. ज्या देशांत लेखांवर बंदी आहे तिथल्या पत्रकारांचे लेख त्या गेममधल्या पुस्तकांत घातले. वेबसाइट बंद असली तरी गेम चालू असतो, तिथे शिरून वाचता येते. खून झालेल्या जमाल खाशोगींचे लेखनही तिथे आहे. आमच्या गावातही पेठेच्या टोकाला एक वाचनालयाची खोली ठेवली आहे, सध्या रिकामी. तिच्यात खऱ्या दस्तऐवजांचे नमुने ठेवायचे आहेत. कोतवाल बुकाचे पान, वतनाची सनद, गहाणखत, अंगठा दिलेली पावती. तुमच्या घरी पत्र्याच्या पेटीत असे काही असेल तर नावे आणि सर्व्हे नंबर झाकून फोटो काढून ठेवा. अस्सल कोणाच्याही हातात देऊ नका. मोडी शिकलेली किंवा शिकत असलेली मुले-मुली असतील तर लिप्यंतराला बसायला तीन जण हवेत, कारण सध्या एकटी तीच वाचते आणि चुकली तर पकडणारे कोणी नाही.

जय भीम.